१४० पैकी ४५

मानसशास्त्राच्या मैत्रिणीसाठी नैराश्याची प्रश्नावली भरली आणि मी ‘धोका’ गटात गेले! रविवारच्या मिस्सातही डोक्यात तेच. शेवटी तिलाच गणित विचारलं.

समजा, १००० विद्यार्थ्यांपैकी ५० जणांना खरोखर नैराश्य आहे. चाचणी त्यांतले ९० टक्के ओळखते, म्हणजे ४५. उरलेल्या ९५० पैकी फक्त १० टक्क्यांना ती चुकून धरते, पण ते होतात ९५. ‘धोका’ गटात एकूण १४०, त्यांत खरे ४५. तिघांत जेमतेम एक.

हीच चाचणी दवाखान्यात वापरली आणि तिथे १००० पैकी ५०० आजारी असले, तर ४५० खरे, ५० चुकीचे. चाचणी तीच, माणसं वेगळी. अमेरिकेतल्या पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी १९५५ मध्येच हे मांडलं होतं: ज्या गटाची चाचणी घ्यायची, त्यात आजार मुळात किती आहे हे आधी बघा. आम्ही (साहित्यवाले!) टक्केवारी दिसली की मान डोलावतो.

“मग कट-ऑफ वाढव ना.”

“वाढवला तर त्या ४५ मधलेही निसटतील.”

म्हणून ती यादीतल्या प्रत्येकाशी बोलणार आहे. माझी पाळी गुरुवारी.