पीळ आणि चाक : एक शब्द, अनेक व्यवसाय

नंदुरबार जिल्ह्यात गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्त्यास प्रथम बोलींची अडचण जाणवते. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिली, शहाद्याच्या पट्ट्यात अहिराणी. आणि नवापूरला तर रेल्वेस्थानकाचा काही भाग महाराष्ट्रात व काही गुजरातेत आहे. परंतु बोली एकच असली तरी धंदा बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो, ही दुसरी अडचण सहसा ध्यानात येत नाही.

'पीळ' हाच शब्द घ्या. सूत कातणाऱ्याच्या दृष्टीने पीळ हा गुण आहे. कापसाचे तंतू आखूड असतात. पीळ दिल्याने ते एकमेकांवर दाबले जातात व घर्षणाने परस्परांस धरून ठेवतात. पीळ नसेल तर धागा ओढताच निसटतो. मागावरील ताणा सतत ताणलेला असल्यामुळे त्याच्या सुतास बाण्याच्या सुतापेक्षा सामान्यतः अधिक पीळ देतात. दोर वळताना पदर एका दिशेने पिळून ते परस्परांभोवती उलट दिशेने गुंडाळले जातात. त्यामुळे एकाची सुटण्याची ओढ दुसऱ्यास घट्ट करते.

सुतारास मात्र पिळाची धास्ती असते. ओले लाकूड वाळताना आकसते, पण सर्व दिशांना सारखे नाही. लांबीत ते जवळजवळ आकसतच नाही. वर्षवलयांच्या कडेने मात्र ते गाभ्याकडील दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. म्हणून फळी पन्हळीसारखी वाकते, आणि तंतू तिरपे असल्यास पीळ खाते. अशा लाकडाचे जू बैलाच्या मानेवर एका बाजूस दाबते व खांदा सुजतो. मग दोष बैलास दिला जातो!

'चाका'चेही तसेच. कुंभाराच्या चाकाची जड कड गती साठवून ठेवते. चरख्याचे मोठे चाक चातीला वेग देते : चाक ५० सेंटीमीटर व्यासाचे आणि चातीवरील कप्पी १ सेंटीमीटरची असेल, तर चाकाच्या एका फेऱ्यात चाती सुमारे ५० वेळा फिरते. मोटेचे चाक केवळ ओढीची दिशा बदलते. त्याने बैलांचे बळ वाढत नाही. गाडीचे चाक भार वाहते, आणि पीळ व चाक यांची खरी गाठ येथेच पडते.

दीड मीटर व्यासाच्या चाकाचा घेर सुमारे ४.७ मीटर असतो. लोखंडी धाव घेरापेक्षा किंचित लहान करून तापवितात. तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसने वाढले की लांबी सुमारे पावणेतीन सेंटीमीटर वाढते. ती चाकावर बसवून लगेच पाणी ओततात. आकसणारी धाव सर्व सांधे आवळते. पण ती प्रमाणापेक्षा लहान केली, तर तीच आरे वाकवून चाकास वेडेवाकडे करते. उलट, ओल्या लाकडाच्या चाकावर बसविलेली धाव चैत्र-वैशाखात लाकूड आटले की सैल होते. चाक भिजवून ठेवण्याचा उपाय तेवढ्यापुरताच होय.

लाकडी चाकाच्या गाड्या आता कमी झाल्या असल्या, तरी जू, दांडे व औताची लाकडे अजून लाकडाचीच पुष्कळ असतात. त्यांसाठी चिरलेले लाकूड सावलीत, जमिनीपासून उंच, थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या घालून रचावे. टोकांस डांबर किंवा शेणमाती लावावी, कारण टोके सर्वांत लवकर वाळून तडकतात. आसासाठी धावडा व चाकाच्या भागांसाठी बाभूळ वापरण्याची जुनी रीत आहे, ती या लाकडांच्या चिवटपणामुळे. पण उत्तम जातीचे लाकूडही ओले वापरल्यास फसवितेच.

सबब सुतारास 'लाकडास पीळ आहे काय' एवढेच विचारून थांबू नये. ओंडका प्रत्यक्ष पाहावा व वाळताना पडलेल्या भेगांवरून बोट फिरवावे. भेगा सरळ लांबीने जात असतील तर लाकूड घेण्याजोगे आहे. मळसूत्रासारख्या तिरप्या चढत असतील, तर ते जू किंवा आरे यांसाठी घेऊ नये. सरपणास ते चालेल.