भाचेबाई, आधी तो आरसा बघ



पटकथालेखनाच्या वर्गात सरांनी जुन्या हॉलिवूडपटांची यादी दिली, त्यातले चार तू बघायला घेतलेस आणि चारही वेळा झोपलीस, हे तुझ्या आईकडून कळलं. आईच्या आवाजात काळजी होती. मामाला मात्र हायसं वाटलं. पंचवीस वर्षांचा असताना मामा एका फिल्म सोसायटीत 'सिटिझन केन' बघायला गेला, दुसऱ्या रिळापासून गाढ झोपला आणि बाहेर चहाच्या टपरीवर ऑर्सन वेल्सच्या 'डीप फोकस'बद्दल वीस मिनिटं बोलला. ऐकणारेही बहुधा झोपूनच आले होते, कारण हटकलं कुणीच नाही. त्या सोंगातून बाहेर यायला मामाला दहा वर्षं लागली. तुझी तेवढी जाऊ नयेत म्हणून हे पत्र.

यादी महिनाभर कपाटात ठेव. 'सर्वश्रेष्ठ शंभर' असं वाचलं की माणूस चित्रपट बघायला बसत नाही, परीक्षेला बसतो. त्याऐवजी एकच चित्रपट घे आणि त्यातली एकच वस्तू धरून बस.

चित्रपट बिली वाइल्डरचा. 'द अपार्टमेंट', साल १९६०. वस्तू म्हणजे पर्समध्ये मावणारा एक छोटा आरसा.

न्यूयॉर्कमधल्या एका विमा कंपनीत बॅक्स्टर नावाचा कारकून आहे. कंपनीत ३१,२५९ माणसं, याचं टेबल एकोणिसाव्या मजल्यावर, टेबलाचा नंबर ८६१, पगार आठवड्याला ९४.७० डॉलर. हे आकडे तो स्वतःच सुरुवातीला ऐकवतो आणि त्यातूनच त्याची किंमत आपल्याला कळते. (ते अफाट मोठं दिसणारं ऑफिस खरं तर एवढं मोठं नव्हतंच. अलेक्झांडर ट्राउनरने मागे मागे लहान होत जाणारी टेबलं मांडली आणि तिथे ठेंगणी माणसं बसवली. मामाला हे कळलं तेव्हा फसल्याचा आनंद झाला होता.) बढतीच्या आशेने हा गडी आपलं भाड्याचं घर साहेबलोकांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो आणि स्वतः थंडीत बाहेर कुडकुडत बसतो. त्याचं मन जडलंय लिफ्ट चालवणाऱ्या फ्रॅनवर. आणि मोठे साहेब शेल्ड्रेक त्याच घरात जिला घेऊन येतात, ती फ्रॅनच. याचा बॅक्स्टरला पत्ताच नाही.

एके दिवशी घरात राहिलेला एक आरसा तो साहेबांना नेऊन देतो. काच तडकलेली असते. तिने तो आपल्यावर फेकून मारला, असं साहेब सहज सांगून टाकतात. पुढे नाताळच्या आदल्या दिवशी ऑफिसात पार्टी चालू आहे. बढती मिळालेला बॅक्स्टर नवी गोल हॅट घालून फ्रॅनला विचारतो, कशी दिसते? ती पर्समधून आरसा काढून त्याच्या हातात देते. तो उघडतो. काचेला तडा, आणि तड्याने दुभंगलेला त्याचा स्वतःचा चेहरा.

आरसा फुटलाय, एवढंच तो म्हणतो. माहीत आहे, असाच बरा आहे, आतून जशी आहे तशीच त्यात दिसते, अशा अर्थाचं ती काहीतरी बोलते. ती बोलते आपल्या दुःखाबद्दल. समोरच्या माणसाच्या पायाखालची जमीन आत्ताच सरकली, हे तिच्या गावीही नाही. आपल्याकडच्या मालिकेत इथे तीनदा वीज कडाडली असती आणि कॅमेरा दोघांच्या तोंडावर तीन-तीन वेळा जाऊन आला असता. वाइल्डरने फक्त आरसा उघडला. या क्षणासाठी त्याने आधीच जागा करून ठेवली होती, आणि ती करताना आपल्याला संशयही येऊ दिला नव्हता. पटकथा म्हणतात ती हीच.

हा माणूस हे शिकला कुठे? जन्म १९०६चा, तेव्हाच्या ऑस्ट्रिया-हंगेरीतल्या सुखा नावाच्या गावातला. आज ते पोलंडमध्ये आहे. व्हिएन्ना आणि बर्लिनमध्ये बातमीदारी केली, चित्रपट लिहिले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि या ज्यू पोराने बर्लिन सोडलं. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत पोचला तेव्हा इंग्रजी जेमतेम होतं. मागे राहिलेली आई नाझींच्या हत्याकांडात गेली. ज्याला भाषा परकी, तो वस्तूंकडून बोलून घ्यायला लवकर शिकतो, असं मामाचं आपलं मत आहे. त्याला पुरावा नाही.

गुरूचा पुरावा मात्र आहे. वाइल्डरच्या कचेरीत भिंतीवर एक पाटी होती: लुबिचने हे कसं केलं असतं? अर्न्स्ट लुबिच म्हणजे बर्लिनच्या शिंप्याचा मुलगा. त्याच्या 'निनोच्का'च्या (१९३९) पटकथेवर वाइल्डरने काम केलं होतं. मॉस्कोहून पॅरिसला आलेली कडक साम्यवादी बाई हळूहळू विरघळते, हे दाखवायचं कसं, यावर लेखक मंडळी पानंच्या पानं लिहीत बसली होती. उत्तर लुबिचला सापडलं: एक चमत्कारिक हॅट. बाई ती दुकानाच्या काचेत बघते आणि असल्या संस्कृतीचा अंत जवळ आलाय असं ठरवते. पुन्हा जाताना नुसती नापसंती दाखवते. मग एके दिवशी खोलीत एकटी असताना दार लावते, खणातून तीच हॅट काढते आणि घालून बघते. झालं, पानं रद्दीत. लुबिचच्या अंत्ययात्रेनंतर वाइल्डर हळहळला की आता लुबिच नाही. त्यावर विल्यम वायलर म्हणाला की त्याहून वाईट हे की आता लुबिचचे चित्रपट नाहीत.

वाइल्डरचा 'डबल इन्डेम्निटी' (१९४४) बघशील तेव्हा काडी बघ. इथेही विमा कंपनीच. एडवर्ड जी. रॉबिन्सनच्या तोंडात सिगार आहे, खिशात काडी कधीच नसते. दर वेळी फ्रेड मॅकमरे अंगठ्याच्या नखावर काडी ओढून ती पेटवून देतो. शेवटी खून पचवायला निघालेला मॅकमरे दारापाशी जखमी होऊन पडलाय, तोंडातली सिगारेट पेटवण्याचं त्राण नाही. या वेळी काडी दुसऱ्याने ओढली. वाइल्डरने यानंतर गॅस चेंबरमधल्या मृत्युदंडाचा मोठा प्रसंग चित्रित केला होता. तो त्याने काढून टाकला. काडी विझल्यावर सांगायला काही उरलंच नव्हतं.

तुमच्या वर्गात एक वाक्य हमखास ऐकवतील: सेन्सॉरच्या बंधनांमुळेच त्या काळची कला फुलली. हे अर्धंच खरं मान. १९३४ पासून जोसेफ ब्रीनच्या कचेरीने चित्रपटांची आचारसंहिता कडकपणे राबवायला सुरुवात केली. मग हिचकॉकने 'नटोरियस'मध्ये (१९४६) चुंबन तुकड्या-तुकड्यांत, मधे बोलत, फोन करत अडीच मिनिटं लांबवलं, हे मजेदार आहेच. पण त्याच नियमावलीत गोऱ्या आणि काळ्या माणसांचा प्रेमसंबंध दाखवायला बंदी होती, आणि तिची झळ तेवढ्यावरच थांबली नाही. 'द गुड अर्थ'मधल्या (१९३७) चिनी शेतकऱ्याच्या भूमिकेत गोरा पॉल मुनी होता, तेव्हा त्याची बायको म्हणून ॲना मे वाँग ही चिनी वंशाची नटी घेतली गेली नाही. भूमिका लुइस रायनरला मिळाली आणि वर ऑस्करही.

या वर्णभेदाने गाठलेलं एक नाव तर आपल्या मुंबईचं. मर्ल ओबेरॉन, जन्म १९११, मुंबई. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं नामांकन मिळालं, पण आपण अँग्लो-इंडियन आहोत हे तिने जन्मभर लपवलं आणि जन्मगाव टास्मानिया सांगितलं. तिला वाढवणाऱ्या सावळ्या बाईची पाहुण्यांना ओळख करून दिली जायची ती मोलकरीण म्हणून, असं सांगतात. अपघातातले चेहऱ्यावरचे व्रण दिसू नयेत म्हणून छायाचित्रकार लुसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला चिकटून एक दिवा लावला. तिच्या नावावरून त्या दिव्याला 'ओबी' म्हणतात. 'वुदरिंग हाइट्स' (१९३९) बघताना तिचं सौंदर्य जरूर बघ, पण ते उभं करायला किती लपवावं लागलं, तेही ध्यानात असू दे.

ऑस्करवरून कुणाला जोखू नकोस. बार्बरा स्टॅनविकला चार नामांकनं मिळाली, स्पर्धेतला पुरस्कार एकही नाही. कॅरी ग्रँटचं तेच, हिचकॉकचं दिग्दर्शनाच्या बाबतीत तेच. ग्रँट तर मामाच्या मते त्या काळातला सगळ्यात अवघड काम सोपं करून दाखवणारा नट. ब्रिस्टलचा हा पोरगा आधी कसरतपटू होता, आणि 'हिज गर्ल फ्रायडे'त (१९४०) तो नुसता टेलिफोन उचलतो त्यातही ती कसरत दिसते. तुझ्या सरांना हे पटणार नाही. वाद घाल, पण आधी बघ.

दिवाळीला येशील तेव्हा 'द अपार्टमेंट' दोनदा बघून ये, दुसऱ्यांदा आवाज बंद करून. आरसा पहिल्यांदा कुठे दिसतो ते मोबाइलवर न शोधता सांगायचं. बरोबर आलं तर कपाटातली यादी आपण मिळून काढू.

तुझा,
मामा

ता. क. बॅक्स्टर स्वयंपाकघरात टेनिसच्या रॅकेटवर स्पॅगेटी गाळतो. हा प्रयोग आईच्या बॅडमिंटन रॅकेटवर करू नकोस. मात्र ती रॅकेट शेवटाकडे पुन्हा एकदा दिसते, फ्रॅन निघून गेल्यावर. जाळीत काय अडकलंय ते बघ.