अजून वय बसतंय

मी बार्शी तालुक्यातली. पदवीनंतर पुण्याला सदाशिव पेठेत राहून राज्यसेवेची तयारी केली. आता घरून ये-जा करून एका पतसंस्थेत काम करते आणि आयोगाची जाहिरात निघाली की अजूनही अर्ज भरते. पुढे काय होणार, हे आजही ठरलेलं नाही. पण त्याची धास्ती आता माझा दिवस खात नाही. हे आपोआप झालं नाही. कशाकशानं झालं, ते आज पेठेतल्या अभ्यासिकांत बसलेल्या मुलामुलींसाठी लिहिते आहे.

१. परीक्षेच्या तारखेवर बाकीचं आयुष्य टांगून ठेवू नये

२०२०ची राज्यसेवा पूर्व ५ एप्रिलला होती. करोना आला, तारीख गेली. मग सप्टेंबर ठरला, मग ११ ऑक्टोबर. तेवढ्यात मराठा आरक्षणाला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि तीही तारीख गेली. १४ मार्च २०२१ नक्की, म्हणून सगळे जण हॉलतिकीट काढून बसले होते. तीन दिवस आधी पुन्हा ‘पुढे ढकलली’. त्या दिवशी मुलं शास्त्री रस्त्यावर उतरली, तेव्हा कुठे २१ मार्च ठरला आणि पेपर झाला. २०२४लाही तीच गत. २५ ऑगस्टची पूर्व आणि आयबीपीएसची परीक्षा एकाच दिवशी आली, पुन्हा रस्त्यावर बसावं लागलं आणि पेपर झाला १ डिसेंबरला.

पेठेत कायम कानावर पडणारे शब्द म्हणजे ‘परीक्षा झाली की’. परीक्षा झाली की दात दाखवू, परीक्षा झाली की गावाला जाऊ, परीक्षा झाली की आईशी निवांत बोलू. तारीख सरकली की हे सगळंच सरकतं. माझी आजी आजारी पडली तेव्हा पूर्व तोंडावर आली होती. मैत्रिणी म्हणाल्या, पेपर देऊन जा. मी पुस्तकं घेऊन गावी गेले. आजीचे पाय दाबत पंचायत राज वाचलं. ती गेली तेव्हा मी तिच्याजवळ होते. ती परीक्षा पुढे ढकलली गेली. ढकलली नसती तरी मी गेलेच असते.

आयोगाच्या हातात काय आहे आणि माझ्या हातात काय आहे, याची वाटणी मी त्या दिवसांत केली. तारीख, जागा, कट-ऑफ, उत्तरतालिका हे त्यांच्याकडे. आज किती वाचलं, किती झोपले, कुणाला भेटले हे माझ्याकडे. संध्याकाळी मी फक्त माझ्या बाजूचा हिशेब करते.

२. ‘सध्या काय चाललंय?’ याला खरं उत्तर द्यावं

लग्नकार्यात हा प्रश्न चुकत नाही. मुलीला तर तो दोनदा विचारला जातो, एकदा नोकरीसाठी आणि एकदा लग्नासाठी. बरीच मुलं यासाठी गावाला जायचंच टाळतात; सणाला पेठेतल्या बंद मेसच्या दारातून परत फिरतात, पण घरी जात नाहीत. मी एक वाक्य तयार केलं: “मावशी, परीक्षा देते आहे, पोस्ट निघेल की नाही माहीत नाही, तोवर काम करते.” ‘माहीत नाही’ हे शब्द मोठ्यानं म्हणायला सुरुवातीला जड गेलं. पण ते म्हटल्यावर समोरच्याचा आवाज मऊ होतो, हे मी पुष्कळदा पाहिलं. त्या मावशींच्या मुलाचंही काही ठरलेलं नसतं.

आईनं माझा बायोडाटा करताना नोकरीच्या रकान्यात काय लिहायचं म्हणून विचारलं. मी सांगितलं, आहे तेच लिही.

३. मर्यादा आपण आखावी

खुल्या गटाला ३८ वर्षं, मागासवर्गीयांना ४३. ही वयोमर्यादा उमेदवाराच्या भल्याचीच आहे, पण घरात पैसे किती आहेत हे तिला ठाऊक नसतं. ते आपल्याला ठाऊक असतं. ‘अजून वय बसतंय’ एवढ्या आधारावर पेठेत वर्षामागून वर्ष काढणारी माणसं मी जवळून पाहिली आहेत, आणि त्यांच्याबद्दल मला फार वाईट वाटतं, कारण त्यांच्याशी कुणी वही घेऊन बसलेलं नसतं.

मी आप्पा आणि दादाबरोबर बसले. कॉटचं भाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, सगळं मांडलं. घरचे पैसे घेऊन कुठवर राहायचं ते ठरवलं, आणि ती वेळ आली तेव्हा गाठोडं बांधलं. परीक्षा सोडली नाही, पेठ सोडली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या वहीमुळे कळलं. निर्णयाचा दिवस आधीच ठरलेला असला की प्रत्येक निकालानंतर ‘आता पुढे काय’ म्हणून नव्यानं जीव टांगणीला लागत नाही.

४. आप्पांच्या रानातली दुसरी ओळ

आमच्याकडे खरिपात चार ओळी सोयाबीन आणि दोन ओळी तूर असते. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं. पण ऑगस्टमध्ये पावसानं ताण दिला आणि शेंगा भरायच्या वेळेलाच रान तडकलं, तर हाती फारसं लागत नाही. तुरीचं मूळ खोल जातं, ती पार डिसेंबर-जानेवारीपर्यंत उभी राहते. एखाद्या वर्षी घर तिच्यावरच चालतं. पेरतानाच आप्पांनी दोन्ही धरलेलं असतं. ढग बघून दुसरं पीक लावता येत नाही.

पतसंस्थेतली नोकरी धरली तेव्हा अभ्यासिकेतल्या काहींना वाटलं, हिनं हार मानली. मी आप्पांना फोनवर विचारलं, “तुम्हाला पेरताना भीती वाटत नाही का?” ते म्हणाले, “पाऊस काय इचारून येतोय व्हय? आपण दोन्ही वळी पेरायच्या.” माझी नोकरी ही पोस्ट न निघाल्याची भरपाई नव्हे. तीही पेरणीच आहे. बचत गटाच्या बायांना कर्जाची फेड समजावून सांगताना मला मनापासून आनंद होतो.

५. शिकलेलं वापरायला पदाची वाट बघू नये

यानं माझ्यात सगळ्यात मोठा फरक पडला. आमच्या वयाची हजारो मुलं राज्यघटना, जमीन महसूल, पंचायत राज तोंडपाठ करतात आणि पोस्ट निघाली नाही की ते सगळं वाया गेलं असं मानतात. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षाला किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात आणि त्याआधी महिलांची सभा व्हायला हवी. हे मी प्रश्नपत्रिकेसाठी पाठ केलं होतं. गावी परतल्यावर शेजारच्या काकूंना विचारलं, महिला सभेला जाता का? अशी काही सभा असते, हेच त्यांना माहीत नव्हतं. आम्ही सातआठ जणी ग्रामसेवकांकडे गेलो आणि सभेची नोटीस लावायला सांगितली. सभा झाली. पाण्याच्या टाकीचा विषय त्या सभेत निघाला.

आता कुणी सातबारावरची वारसनोंद घेऊन येतं, कुणी निराधार योजनेचा अर्ज. अधिकारी होऊन लोकांची कामं करायची, हे स्वप्न घेऊन मी पुण्याला गेले होते. त्यातलं ‘अधिकारी होऊन’ अजून अधांतरी आहे. ‘लोकांची कामं’ सुरू झाली आहेत.

मुख्य परीक्षा २०२५पासून वर्णनात्मक झाली, नऊ पेपर आणि १७५० गुण. अभ्यासक्रम बदलला तेव्हा अनेकांची केलेली तयारी मोडली, त्यांचा राग मला समजतो. पण गावात वापरलेलं ज्ञान कुठल्याही नव्या पद्धतीनं मोडत नाही.

६. पोस्ट निघालेल्यांकडे नीट बघावं

२०१९च्या राज्यसेवेतून ४१३ जणांची निवड झाली. निकाल जून २०२०मध्ये लागला, सत्कार झाले, गावात फ्लेक्स लागले. मग नियुक्तीच्या आदेशाची वाट बघण्यात वर्षाहून जास्त काळ गेला. निवड झालेली माणसं घरी बसून होती. माझी एक मैत्रीण आज अधिकारी आहे. बदली कुठे होईल, लहान मुलीला कुठल्या शाळेत घालू, हे तिलाही ठाऊक नसतं. ती आणि मी आता एकमेकींशी बरोबरीनं बोलतो.

७. रात्रीची भीती

ती अजून येते. निकालाच्या आधी, कधी काहीच कारण नसताना. तेव्हा मी आयुष्याचे निर्णय घेत नाही, मोबाईलवर कट-ऑफचे अंदाज बघत नाही, आईला उठवते. आम्ही दोघी ओट्यावर बसतो. ती शहाणपणाचं काही सांगत नाही, उद्या भाजी कुठली करायची ते विचारते.

ज्यांची आई लांब आहे त्यांनी रूममेटला उठवावं. रूममेटशी बोलवत नसेल तर ‘टेली-मानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. अभ्यासिकेच्या भिंतीवर वेळापत्रकाशेजारी तो लिहून ठेवा. आपल्या शेजारच्या कॉटवरच्या मुलाला कधी लागेल, सांगता येत नाही.