मेलेला देवमासा किनाऱ्याला लागला, म्हणजे दोष जाळ्याचाच का?



डिसेंबर 2022 मध्ये रशियात, दागेस्तानच्या कास्पियन किनाऱ्याला सुमारे 2,500 मेलेले सील लागले. जाळ्याच्या खुणा दिसल्या नाहीत. कारण नैसर्गिक असावं, असं तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं.

आपल्या समुद्रात सील नाहीत. पण डॉल्फिन, कासव, देवमासा लागतात. जानेवारी 2016 मध्ये जुहूला मेलेला देवमासा आला होता. म्हातारपण, आजार, आईपासून चुकलेलं पिल्लू, पावसाळ्यातला खवळलेला दर्या, अशी कारणं असू शकतात. आपल्या सुरतेकडे तर ओहोटीला पाणी लांबवर जातं, भरकटलेला जीव गाळात रुततो.

खरं कारण शवविच्छेदनातूनच कळतं, आणि सडल्यावर तेही अवघड. म्हणून आम्ही सगळ्यांना सांगतो: हात लावू नका, पुरू नका, तुकडा काढू नका, तो गुन्हा आहे. फोटो, जागा, वेळ टिपून लगेच वन खात्याला कळवा. लपवलं तर संशय आपल्यावरच येतो.