मालकांची संघटना : सिलिकॉन व्हॅलीच्या उदाहरणावरून एक विचार

'संघटना' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे कामगारांची संघटना येते, शिक्षकांची येते, शेतकऱ्यांची येते. ज्याच्या एकट्याच्या अंगी बळ नाही त्याने दहाजणांत मिसळून बळ मिळवावयाचे, हा त्या शब्दाचा सरळ अर्थ. माझे वडील एका लहान वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतात आणि आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी 'उद्योजकांच्या संघटना' हा विषय अभ्यासासाठी सांगितला तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न उभा राहिला तो हा : ज्यांच्यापाशी भांडवल आहे, यंत्रे आहेत, त्यांना संघटना कशाला लागते? आणि तीही बाजारात एकमेकांची गिऱ्हाइके ओढणाऱ्या लोकांची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. त्यासाठी मी उदाहरण घेतले आहे ते अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाचे.

सॅन फ्रान्सिस्को शहराच्या दक्षिणेस सँटा क्लारा नावाचे खोरे आहे. एके काळी ते जर्दाळूच्या आणि आलुबुखाराच्या बागांसाठी प्रसिद्ध होते. पुढे सिलिकॉनच्या चकत्यांवर सूक्ष्म विद्युत्‌मंडले कोरणारे कारखाने तेथे उभे राहिले आणि त्या खोऱ्याला 'सिलिकॉन व्हॅली' हे नाव पडले. याच भागातील पालो आल्टो या गावी १९३९ साली विल्यम ह्यूलेट आणि डेव्हिड पॅकार्ड या दोन तरुण अभियंत्यांनी मोटार ठेवण्याच्या एका शेडमध्ये, अवघ्या ५३८ डॉलरच्या भांडवलावर आपला कारखाना काढला.

त्यानंतर थोड्याच वर्षांत दुसरे महायुद्ध अमेरिकेपर्यंत पोहोचले. सैन्याला रेडिओ, रडार, मोजमापाची उपकरणे हवी होती. परंतु ही कामे बहुतांशी पूर्व किनाऱ्यावरील जुन्या व बड्या कंपन्यांकडे जात. तीन हजार मैलांवरच्या लहान कारखानदाराचे नावही राजधानीतील अधिकाऱ्यांस ठाऊक नसे. तेव्हा १९४३ साली पॅकार्ड व त्यांच्यासारख्या इतर कारखानदारांनी मिळून 'वेस्ट कोस्ट इलेक्ट्रॉनिक मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. युद्धकाळातील सरकारी कामांचा वाटा पश्चिम किनाऱ्यालाही मिळावा, हा तिचा पहिला हेतू. म्हणजे संघटनेचे पहिले काम झाले मागण्याचे. एकट्याचा अर्ज टेबलावर पडून राहतो, दहाजणांचे शिष्टमंडळ निदान आत बोलाविले जाते, हा अनुभव भांडवलवाल्यांनाही चुकलेला नाही.

दुसरे काम शिकविण्याचे. नवी कंपनी काढणारा माणूस बहुधा हुशार अभियंता असे. परंतु हिशेब कसे ठेवावेत, खेळते भांडवल कोठून आणावे, माल परदेशी कसा पाठवावा, हे त्याला कोणी शिकविलेले नसे. संघटनेने यासाठी चर्चासत्रे भरविली, पगारमानाची पाहणी करून तिचे आकडे सभासदांपुढे ठेवले. निरनिराळ्या कंपन्यांचे प्रमुख एकत्र जमून आपापल्या अडचणी बोलून दाखवीत. सभासदांत लहान कंपन्यांचे प्रमाण मोठे होते आणि या कामाची खरी गरज त्यांनाच होती. मोठी कंपनी सल्लागार पगारावर ठेवू शकते. लहान कंपनीला शेजाऱ्याचा अनुभव हाच सल्लागार.

आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या अर्थशास्त्रावरील ग्रंथात 'बाह्य बचती'ची कल्पना मांडली, हे आपण अभ्यासक्रमात वाचतो. एका जातीचे अनेक कारखाने एका गावी जमले की कुशल कामगार, सुट्या भागांचे पुरवठादार आणि धंद्याचे ज्ञान ही सर्वांना स्वस्तात मिळू लागतात. मार्शल यांच्यापुढे शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्यासारखी उदाहरणे होती. मला असे वाटते की उद्योजकांची संघटना म्हणजे या बाह्य बचती आपोआप होण्याची वाट न पाहता त्या जाणूनबुजून घडवून आणण्याचा प्रयत्न होय.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे तिसरे काम, मापे ठरविण्याचे. हे काम प्रामुख्याने दुसऱ्या एका संघटनेने केले. विद्युत्‌मंडलांच्या कारखान्यांना यंत्रे व कच्चा माल पुरविणाऱ्या कंपन्यांनी १९७० साली 'सेमी' या नावाची संस्था काढली. त्या काळी सिलिकॉनच्या चकत्यांची दोन हजारांहून अधिक निरनिराळी प्रमाणे चालू होती. प्रत्येक कारखान्याचा व्यास वेगळा, जाडी वेगळी, कडेचा काप वेगळा. ही अडचण समजावयास मला पुस्तकाची गरज पडली नाही. वडील सांगतात की दर गिऱ्हाइकाचे माप निराळे असले म्हणजे लेथची सेटिंग बदलण्यातच अर्धी पाळी निघून जाते, आणि त्या वेळेचे पैसे कोणीच देत नाही. 'सेमी'च्या समित्यांत विकणारे व घेणारे एकत्र बसले आणि त्यांनी चकत्यांची समान प्रमाणे ठरविली. १९७५ पर्यंत नव्या चकत्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक चकत्या या प्रमाणांत बसू लागल्या. यात कोणाचेही व्यापारी गुपित उघडे पडले नाही. स्पर्धा चालूच राहिली. फक्त वाया जाणारे श्रम वाचले.

चौथे काम कायद्याचे. अमेरिकेत भांडवली नफ्यावरील कर १९६९ नंतर वाढत जाऊन काही बाबतींत सुमारे ४९ टक्क्यांपर्यंत पोहोचला होता. नव्या कंपनीत पैसा घालून तो बुडण्याची जोखीम कोणी घ्यावी, असा उद्योजकांचा सवाल होता. पश्चिम किनाऱ्याची आपली संघटना एव्हाना देशभर पसरू लागली होती व १९७८ साली तिने 'अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन' हे नाव धारण केले. एड शाउ या उद्योजकाच्या नेतृत्वाखालील तिच्या समितीने संसदेपुढे साक्ष दिली. करकपातीची सूचना प्रतिनिधी विल्यम स्टायगर यांनी मांडली आणि १९७८ च्या महसूल कायद्याने कराचा कमाल दर २८ टक्क्यांवर आला. पुढे नव्या उद्योगांकडे जोखमीच्या भांडवलाचा ओघ वाढला, यात शंका नाही. मात्र त्याचे सर्व श्रेय या एका कायद्याला देणे योग्य होणार नाही. १९७९ साली निवृत्तिवेतन निधींच्या गुंतवणुकीचे नियम सैल झाले, हेही एक महत्त्वाचे कारण होते.

संघटना राष्ट्रीय झाली, पण खोऱ्यातले रस्ते, घरे, गर्दी हे प्रश्न खोऱ्यातच राहिले. म्हणून त्याच १९७८ साली पॅकार्ड यांच्याच पुढाकाराने कारखानदारांचा एक स्थानिक गट निघाला. सँटा क्लारा काउंटीत १९८४ साली मतदारांनी महामार्गांसाठी अर्धा टक्का विक्रीकर वाढवून घेण्यास संमती दिली, त्या मोहिमेत हा गट पुढे होता. एरवी कर कमी करा म्हणणारे कारखानदार येथे कर वाढवा म्हणून मतदारांकडे गेले, कारण त्यांचे कामगार रोज त्याच रस्त्यांवर अडकून पडत होते. सामायिक गरज एकदा पटली म्हणजे माणूस आपल्या खिशाबाहेरही पाहू शकतो, हे यावरून दिसते.

येथवर वाचून या संघटनांचे कौतुकच वाटेल, आणि ते अनाठायीही नाही. परंतु अभ्यास करताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरे नव्हे. सॅन होजे शहराच्या दक्षिण भागात एका कारखान्याच्या भूमिगत टाकीतून विषारी द्रावक गळून पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत उतरल्याचे १९८१ च्या अखेरीस उघडकीस आले. ज्या उद्योगाला सर्वजण बिनधुराचा व स्वच्छ म्हणत, त्याच्या जमिनीखाली हे घडत होते. यानंतर १९८२ साली नागरिकांनी, कामगारांच्या बाजूने काम करणाऱ्यांनी व पर्यावरणवाद्यांनी मिळून 'सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन' ही आपली स्वतंत्र संघटना उभारली. पुढच्याच वर्षी घातक रसायनांच्या साठवणीवर कडक नियम आले. करांचा प्रश्न उद्योजकांच्या बैठकीत वेळेवर पोहोचला होता. विहिरीच्या पाण्याचा प्रश्न ऐरणीवर आणण्यास मात्र बाहेरच्या माणसांना एकत्र यावे लागले.

याहूनही अधिक विचार करावयास लावणारी गोष्ट अशी की, आपल्या कारखान्यांत कामगार संघटना शिरू नये यासाठी काय करावे, याचेही मार्गदर्शन अमेरिकन इलेक्ट्रॉनिक्स असोसिएशन आपल्या सभासदांना करीत असे. स्वतः एकत्र येऊन ज्यांनी बळ मिळविले, त्यांनी दुसऱ्याच्या एकत्र येण्याला दारातच थांबविले! एकट्याचे काही चालत नाही म्हणून ज्यांनी १९४३ साली शिष्टमंडळ नेले, त्यांना चकत्या धुणाऱ्या स्त्री-कामगाराचे एकटीचे काही चालत नाही, हे का समजू नये? यात मला व्यक्तींचा दुष्टपणा दिसत नाही. संघटनेच्या नोंदवहीत ज्याचे नाव, त्याचेच दुखणे तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर येते, हा सर्वच संघटनांचा स्वभाव आहे. कामगारांच्या संघटनाही त्याला अपवाद नाहीत.

या संघटनेचे पुढे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. २००९ साली ती दुसऱ्या एका राष्ट्रीय संस्थेत मिसळून 'टेकअमेरिका' झाली आणि २०१४ साली तेही 'कॉम्प्टिया' या संस्थेच्या छत्राखाली गेले. नाव राहिले नाही. परंतु एकमेकांशी स्पर्धा करीत असतानाच एकमेकांना शिकवावे, ही जी सवय तिने त्या खोऱ्यात जोपासली, ती नावापेक्षा टिकाऊ ठरली.

आपल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. पुण्यात मराठा चेंबर ही उद्योग-व्यापाराची संस्था १९३४ साली, म्हणजे कॅलिफोर्नियातील संघटनेच्या नऊ वर्षे आधी, स्थापन झाली. आज आपल्या गावोगावच्या औद्योगिक वसाहतींत लहान कारखानदारांच्या संघटना आहेत. वीज, रस्ते, सांडपाणी, मालाची तपासणी हे प्रश्न त्यांनाही एकेकट्याने सुटणारे नाहीत.

सारांश, मालकांना संघटना लागते, कारण मोठ्या बाजारपेठेपुढे आणि मोठ्या सरकारपुढे लहान मालकही एकटाच असतो. मागणे, शिकविणे, मापे ठरविणे व कायदा बदलून घेणे ही कामे तिने केली तर त्यात सभासदांचे हित आहे आणि पुष्कळदा गावाचेही. मात्र ते हित आपोआप सर्वांपर्यंत झिरपते असे समजू नये. म्हणून कोणत्याही संघटनेचा अहवाल हाती आला तर तिने काय मिळविले हे वाचून थांबू नये. तिच्या बैठकीत कोणाचे दुखणे येऊ शकत नाही, हेही पाहावे. ज्यांचे येऊ शकत नाही त्यांनी आपली संघटना करावी, आणि ज्यांनी संघटनेचे फळ चाखले आहे त्यांनी तिला वाट द्यावी. एवढा एक न्याय पाळला गेला, तर स्पर्धकांनी एकमेकांचा हात धरावा यात कोणाचेच नुकसान नाही.