लॅपटॉपचा पडदा काळा पडला असता काय पाहावे?

लाल कापडी बांधणीच्या वहीत रोजकीर्द लिहिणारा दिवाणजी आजारी पडला, तरी वही गादीवर असे आणि ती कोणासही उघडून वाचता येत असे. आज तीच रोजकीर्द, खतावणी, उधारीची यादी, जीएसटीची बिले व मालाचा साठा हे सारे लॅपटॉपमध्ये साठविलेले असते. त्या यंत्राने उजळण्याचे नाकारले की वही समोर असूनही वाचता येत नाही. त्यातून विवरणपत्राची तारीख तोंडावर आलेली असली म्हणजे व्यापाऱ्याचा धीर सुटतो, व तो यंत्र पहिल्या दिसलेल्या कारागिराच्या स्वाधीन करून मोकळा होतो. अशा वेळी प्रथम एक गोष्ट मनाशी पक्की करावयास हवी. पडदा ही एक वस्तू, यंत्राचे सुरू होणे ही दुसरी, आणि हिशेब जिच्यावर लिहिलेले असतात ती डिस्क ही तिसरी. पहिल्या दोन बिघडल्या म्हणजे तिसरी बिघडलीच असे होत नाही. पुष्कळदा ती शाबूत असते.

म्हणून आरंभ कानाने व डोळ्याने करावा. चालू करण्याची कळ दाबल्यावर दिवा लागतो काय, पंख्याचा आवाज येतो काय, हे पाहावे. यांपैकी काहीच होत नसेल तर यंत्रास वीजच पोचत नसावी असे समजून भिंतीवरील प्लग तपासावा, आणि चार्जरची वायर जेथे वळते तेथे ती आतून तुटली आहे काय तेही पाहावे. दुसऱ्याचा चार्जर लावून पाहण्यास हरकत नाही, परंतु त्यावर छापलेले व्होल्ट आपल्या चार्जरइतकेच असावेत (पुष्कळ जुन्या यंत्रांत ते १९ किंवा १९.५ असतात) आणि अँपिअर तितकेच किंवा अधिक असावेत. केवळ पिन बसते एवढ्यावरून चार्जर जोडू नये.

चार्जर ठीक असूनही यंत्र निपचित असेल तर चार्जर काढावा, बॅटरी बाहेर निघण्यासारखी असल्यास तीही काढावी, आणि चालू करण्याची कळ ३० सेकंद दाबून धरावी. आत अडकलेला विद्युद्भार त्यामुळे निघून जातो. मग केवळ चार्जरवर यंत्र सुरू करून पाहावे. उपाय पोरखेळासारखा वाटतो खरा, पण त्यास एक पैही लागत नाही, आणि त्याने जागी झालेली यंत्रे थोडी नाहीत. मात्र बॅटरी फुगून कळफलक वर उचलला गेला असेल तर कोणताही प्रयोग करू नये. ती दाबू वा टोचू नये. यंत्र बंद ठेवून जाणत्या माणसाकडून ती काढवून घ्यावी.

याउलट दिवा लागतो, पंखा फिरतो, आणि पडदा मात्र काळा, अशी स्थिती असेल तर व्यापाऱ्याने हायसे वाटून घेण्यास हरकत नाही. घरातील एखाद्या बालकाने उजेड कमी करण्याची कळ दाबली नाही ना, हे आधी पाहावे. नंतर खोलीत अंधार करून मोबाईलचा प्रकाश पडद्यावर तिरपा टाकावा. फिकट अक्षरे दिसली तर चित्र उमटत आहे, फक्त त्यामागील उजेड गेला आहे, असे समजावे. सुमारे २०१० पूर्वीच्या बहुतेक यंत्रांत हा उजेड एका बारीक नळीचा असे व तिला वीज पुरविणारी इन्व्हर्टर नावाची छोटी पट्टी निराळी असे (घरातील इन्व्हर्टरशी तिचा संबंध नाही). पुढील यंत्रांत तो एलईडीचा आहे.

यानंतरची कसोटी सर्वांत मोलाची. घरातील टीव्ही किंवा शेजारच्या पेढीवरील मॉनिटर एचडीएमआय वायरने, आणि यंत्र फारच जुने असल्यास व्हीजीए वायरने, लॅपटॉपला जोडावा. चित्र आपोआप न आल्यास विंडोजची कळ धरून पी दाबावे. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर दोष पडद्यात किंवा त्याकडे जाणाऱ्या वायरीत आहे. ही वायर बिजागरीतून जाते व रोजच्या उघडझापीने झिजते. झाकण मागे-पुढे करताना चित्र येत-जात असेल तर तिचाच संशय घ्यावा. वायर बदलण्याचा खर्च पडद्याच्या मानाने थोडा असतो, म्हणून कारागीर थेट नवा पडदा सुचवू लागला तर हा प्रश्न त्यास अवश्य विचारावा. टीव्हीवरही तेच पट्टे व तेच डाग उमटले तर मात्र दोष चित्र तयार करणाऱ्या भागात, बहुधा मुख्य बोर्डावर आहे. जुन्या यंत्राच्या बोर्डावर मोठी रक्कम घालणे मला पटत नाही.

दोन्हीकडे काहीच न दिसता ठरावीक संख्येने शिट्या वाजत असतील किंवा एखादा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल, तर ते यंत्राचे गाऱ्हाणे समजावे. त्याचा अर्थ कंपनीगणिक निराळा असल्याने संख्या कागदावर टिपून ठेवावी. पुष्कळदा रॅमची पट्टी सैल झालेली असते. चार्जर व बॅटरी काढून, ती पट्टी खाचेतून अलग करून, तिची सोनेरी टोके खोडरबराने हलके पुसून ती पुन्हा घट्ट बसविली की काम होते. अलीकडील पातळ यंत्रांत ती जागीच झाळलेली असते. तेथे हा उपाय लागू नाही.

आता खरी जोखीम. पडदा उजळतो, पण विंडोज येत नाही, आणि सुरू होण्याजोगे काही सापडत नाही अशा अर्थाची इंग्रजी ओळ दिसते. प्रथम यंत्राला खोचलेला पेनड्राइव्ह काढावा. कित्येकदा एवढ्याने भागते. डिस्कमधून टक्-टक् आवाज येत असेल तर यंत्र तत्काळ बंद करावे, कारण चालू ठेवलेला प्रत्येक क्षण नुकसान वाढवू शकतो. आवाज नसेल व दुरुस्ती करावयाची असेल, तर आधी हिशेबाची नक्कल, मग दुरुस्ती, हा क्रम सोडू नये. आमच्याच पेठेतील एका पेढीचे यंत्र असेच दुरुस्तीस गेले. कारागिराने न विचारता डिस्क पुसून विंडोज नव्याने घातले व यंत्र चकचकीत चालते करून परत दिले. त्यात पाच वर्षांची खतावणी गेली, आणि उधारी वसूल करताना त्या गृहस्थांस बिलांच्या कार्बन प्रती हुडकीत बसावे लागले. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या ३६ व्या कलमान्वये हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात, हे लक्षात घेतले म्हणजे ही हानी केवढी ते कळेल.

डिस्क यंत्रातून काढून यूएसबीच्या डबीत घालता येते व दुसऱ्या संगणकावर वाचता येते. कारागिराकडून आपल्यासमोर एवढे करवून घ्यावे आणि ‘डिस्क पुसू नये’ असे पावतीवर लिहून घ्यावे. काही यंत्रांतील डिस्क कुलूपबंद असते व उघडण्यास ४८ अंकी किल्ली मागते. ती बहुधा यंत्र प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. तो ईमेल पत्ता मुलाचा की मुनिमाचा, हे आजच विचारून ठेवावे.

आम्हा धान्यवाल्यांची दोन दुखणी निराळी. गव्हा-ज्वारीची धूळ व गोणपाटाचे तंतू पंख्यात शिरतात, यंत्र तापते आणि ऐन कामात आपोआप बंद पडते. यंत्र सुरू होऊन काही मिनिटांनी मरत असेल तर आधी पंखा साफ करवावा. दुसरे अधिक घातक. वखारीत किडीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या ठेवतो, तेव्हा त्यांतून सुटणारा फॉस्फिन वायू तांबे, पितळ व चांदी गंजवितो, आणि यंत्रातील बारीक जोडण्या त्यात सापडतात. गोळ्या ठेवण्यापूर्वी लॅपटॉप व इलेक्ट्रॉनिक काटाही बाहेर हलवावा.

राहता राहिला खर्चाचा विचार. फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली की जुने यंत्र पुष्कळ चपळ होते. परंतु विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या बहुतेक यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. अशा यंत्रावर बँकेचे व विवरणपत्राचे काम ठेवू नये. ते इंटरनेटविना इतर कामास लावावे. आमच्या वखारीत पडदा गेलेला एक लॅपटॉप जुन्या मॉनिटरला जोडून काट्याशेजारी ठेवला आहे. त्यावर फक्त वजनाच्या पावत्या छापल्या जातात.