हादगा आणि बतुकम्मा

नवरात्र आलं की आपण हॉस्टेलवाले दांडियाचे पास शोधत फिरतो. मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे हादगा म्हणजे काय ते मला इथे सोलापुरातच कळलं. सूर्य हस्त नक्षत्रात गेला की पाटावर हत्ती काढून मध्ये ठेवायचा, मुलींनी भोवती फेर धरून गाणी म्हणायची आणि शेवटी डब्यातली खिरापत ओळखायची. पुण्याकडे यालाच भोंडला म्हणतात.

पण आपल्या पूर्व भागात गेलात तर फेराच्या मध्ये हत्ती नाही, फुलांचा डोंगर दिसेल. ती बतुकम्मा! तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी ती सोबत आणली. सर्वपित्री अमावास्येपासून नऊ दिवस चालते. ताटात खाली मोठा घेर, वर एकेक थर लहान होत जातो. तरवड, कुरडू, झेंडू अशी फुलं. देठ आत, मध्ये पानांचा भराव, नाहीतर डोलारा कोसळलाच! (सिव्हिलवाल्यांनी जरूर बघावं.) बायका टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटी ती पाण्यात सोडतात.

माझी रूममेट तिथलीच. फेरात तिचा पाय चुकत नाही, पण तेलुगू गाणं अर्ध्यावर अडतं. "पुढचं आजीला येतं," म्हणाली. आजी ऐंशीच्या पुढे. मग आम्ही वही घेऊनच त्यांच्याकडे गेलो. खुर्चीत बसून त्यांना काही आठवेना. उठल्या, टाळी वाजवली, आणि कडवी येऊ लागली! रूममेटने ती देवनागरीत उतरवली, कारण तेलुगू लिपी तिला येत नाही. सात गाणी झाली, आठवं अर्धं राहिलंय. रविवारी परत जातोय.